भाकर ताजी, पत्ता शिळा

दिनांक १३ डिसेंबर, शुक्रवार, सकाळचे साडेआठ. रक्कम चारशे साठ रुपये. हजर : प्रमिला सिस्टर, माझी बायको अलका आणि मी. जागा मंगरूळपीर, सिस्टरांच्या घराची ओसरी. पाच लिटर डिझेलचे त्या दिवशीच्या भावाने होतात तेवढे पैसे मी त्यांच्यासमोर पाटावर ठेवले. त्यांनी त्या नोटांकडे पाहिलंसुद्धा नाही. सुपातल्या तुरीच्या डाळीतले खडे वेचत राहिल्या.

"हा गटाचा दंड आहे ना, सिस्टर? पत्ता फोडला तर पाच लिटर."

"गटातल्या बाईले आहे तो. तुमी गटात आहे का?"

"नाही. पण चूक माझी आहे."

"चूक तुमची आहे हे मले कालच समजलं. पन पैसे चुकीच्या मानसापुढं ठेवून राह्यले तुमी, भाऊ. उचला."

मी ते उचलले आणि पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवले. तिथे ते साडेतीन महिने राहिले. शेवटी ते कोणाला दिले, हे सांगायचं तर आधी सिस्टर सांगाव्या लागतील.

आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये कमरेइतकी भिंत आहे. एकतीस वर्षं त्या उपकेंद्रांवर नर्स होत्या. आसेगावच्या बाजूची खेडी त्यांनी आधी पायी, मग सायकलवर, मग स्कूटरवर पालथी घातली. लसी टोचल्या, बाळंतपणं केली. त्यामुळे आडनावाने त्यांना कोणी ओळखत नाही. सगळ्यांच्या त्या सिस्टर. बोलणं तोडून टाकल्यासारखं. कोणी दुखणं लांबण लावून सांगू लागलं, की म्हणायच्या, "दुखते तिथं बोट ठेव. कहानी मंग सांग." नवरा कृषी खात्यात होता. डी. के. साहेब. सिस्टर निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी साहेब वारले. मुलगी पुण्याला. ती रोज फोन करून इकडेच ये म्हणायची. सिस्टर एकदा जाऊन पंधरा दिवस राहून आल्या आणि अलकाला म्हणाल्या, "तिच्या घरात माह्या वाट्याले एक खिडकी येते. गाडीले सहा आहे."

ही गाडी म्हणजे एका खासगी दवाखान्याने विकायला काढलेली जुनी रुग्णवाहिका. नोंदणी बदलून ती राहण्याची गाडी करायला त्यांनी अकरा चकरा मारल्या. कागद मी तपासत होतो म्हणून आकडा नक्की सांगतो. भोंगा काढला, वरचा दिवा काढला, पण स्ट्रेचर ठेवलं. "याच्यावर मी लय बायांले झोपवलं. आता माही पाळी." ऑक्सिजनचं नळकांडं ज्या कड्यात अडकवायचे त्यात पाच किलोचा गॅस बसला. मोडीत निघालेला लसींचा थंड डबा त्यांनी रीतसर पावती करून घेतला होता, त्यात दूध आणि दही राहू लागलं.

आणि काटा. तान्ह्या मुलांना झोळीत घालून वजन करतात तो स्प्रिंगचा काटा त्यांनी गाडीच्या दाराला टांगला. आत जाणारी प्रत्येक वस्तू आधी त्या झोळीत. कुकर, गोधडी, तांदूळ, पान्हे. वजन रजिस्टरमध्ये लाल पेन्सिलीने. अलका त्यांच्याबरोबर पहिल्यांदा लोणारला निघाली, तेव्हा तिची लोणच्याची बरणी झोळीत गेली.

"साडेतीन किलो? कोनाच्या लग्नाले चालली तू?"

"दोन दिवस लागते ना, सिस्टर."

"दोन दिवसात दोघी जनी साडेतीन किलो लोनचं खाल्लं तर मले गाडीचा भोंगा परत लावा लागन."

बरणीतलं पाव किलो लोणचं गेलं, बाकीचं माझ्याकडे परत आलं.

माझं काम मोजमाप पुस्तक लिहिण्याचं. बांधकाम जागेवर जाऊन मोजायचं आणि तिथेच, त्याच दिवशी लिहायचं. तारीख, वेळ, ठिकाण, आकडा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेलं मोजमाप खोटं धरावं, असं माझ्या पहिल्या साहेबाने मला शिकवलं आणि सव्वीस वर्षं मी ते पाळलं. सिस्टरांची वजनं पाहून मला वाटायचं, ही आपल्या जातकुळीची बाई. तशी ती होती, पण एका बाबतीत अगदी उलटी. ते मला फार उशिरा कळलं.

घरासारख्या गाड्या करून फिरणाऱ्यांचा एक मोठा गट फोनवर आहे. बॅटऱ्यांचं वाचायला मीही त्यात शिरलो होतो. सिस्टर त्यात साहेबांच्या फोनवरून होत्या. नाव साहेबांचं, फोटो साहेबांचा. त्या नावाने त्या टाकीची गळती, विंचूदंश, चढावर तापणारं इंजिन अशा सगळ्यावर सल्ले देत आणि लोक लिहीत, "डी. के. सर, तुमचा अनुभव दांडगा आहे." मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, हे काही बरोबर नाही. सिस्टर आत गेल्या आणि रजिस्टर घेऊन आल्या.

"तुमाले आकडे आवडते ना? मंग वाचा."

दोन बॅटऱ्या एकत्र कशा जोडायच्या, हा एकच प्रश्न त्यांनी दोनदा विचारला होता. पहिल्यांदा स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नावाने. उत्तरं अकरा. त्यातल्या सातांनी विचारलं होतं, ताई तुम्ही एकट्याच फिरता का. दोघांनी, मिस्टर काय करतात. एकाने गुलाबाचं फूल पाठवलं होतं. एकाने मिस्त्रीला दाखवा म्हणून सांगितलं होतं. दोन दिवसांनी तोच प्रश्न साहेबांच्या फोनवरून. उत्तरं चौदा, त्यातली पाच आकृतीसह.

"सांगा आता, कोनतं बरोबर नाई?"

मी रजिस्टर परत दिलं.

पुढे त्या गटात एका मुलीने विचारलं, की प्रवासात पाळी आली तर धुण्याचं, टाकण्याचं तुम्ही कसं करता. खाली हसण्याची चित्रं लागली. सिस्टरांनी उपकेंद्रात सांगतात तसं सरळ, मुद्द्याचं उत्तर लिहिलं. पण ते पडलं डी. के. सरांच्या नावावर. गट पेटला. सर, या वयात शोभतं का? बाईमाणसांत घुसता? गट चालवणाऱ्याने काढून टाकण्याची धमकी दिली. तेव्हा सिस्टरांनी आवाज पाठवला. तो मी माझ्या फोनवर ऐकला आणि भिंतीपलीकडूनही ऐकला.

"मी साहेबाची बायको बोलून राह्यली. साहेब वारले त्याले चार वर्ष झाले. तवापासून तुमाले अक्कल मीच देऊन राह्यली. ज्या बाईले काई विचाराचं आहे तिनं माह्या नंबरवर या. मी चालली."

संध्याकाळपर्यंत नऊ जणी आल्या. त्यांचा गट झाला, नाव चूल-चाक. पुढे तो वाढत गेला. मी तो कधी पाहिलेला नाही. जे सांगतो ते अलकाच्या तोंडून आणि भिंतीवरून. कारण पहिला नियम होता, पुरुष नको. दुसरा नियम, आज कुठे आहोत ते आज लिहायचं नाही. जागा सोडली, दुसरा दिवस उजाडला, की मग फोटो टाका, गावाचं नाव टाका, काय ते टाका. सिस्टर म्हणायच्या, "भाकर ताजी, पत्ता शिळा." हा नियम मोडणाऱ्या बाईने पाच लिटर डिझेलचे पैसे जिला धोका झाला तिच्या हातात द्यायचे.

तिसरा नियम म्हणजे सिस्टरांची नोकरीच होती. लसीकरणात ड्यू लिस्ट असते. कोणत्या लेकराची कोणती लस राहिली, त्याची यादी. सिस्टर रोज सकाळी रस्त्यावर असलेल्या बायांची यादी लिहीत. नाव, गाडीचा नंबर, रक्तगट, पुढे एक चौकोन. दिवेलागणीला प्रत्येकीने दोन शब्द पाठवायचे, "चूल पेटली". म्हणजे गाडी थांबली, जागा बरी आहे, मी ठीक आहे. चौकोनात बरोबरची खूण. सातपर्यंत खूण नाही, तर सिस्टरांचा फोन. अलका म्हणायची, विसरली असेल हो एखादी. "लस चुकलेलं लेकरू आपल्या पायानं येत नाई," सिस्टर म्हणत. "शोधा लागते."

त्या गटात जऊळक्याची सुमन आली तेव्हा कुरबुर झाली. वय बत्तीस, शिक्षण सातवी. नवरा, दीर आणि ती एका टेम्पोतून दिवाळीनंतर बाहेर पडत. कुठे ऊसतोड, कुठे वीटभट्टी. ताडपत्रीखाली सहा महिने संसार. घरात फोन एक, तिघांत. दोन बायांनी लिहिलं, आपण फिरायला जातो, त्या कामाला जातात, मग हा गट नेमका कसला? सिस्टरांचं उत्तर अलकाने मला वाचून दाखवलं. "तुमी आठ दिवस गाडीत राह्यता अन् फोटो टाकता. थे सहा महिने राह्यते अन् लेकरं वाढवते. शिकाचं कोनापासून, तुमीच सांगा."

आणि शिकल्या. पंपावर पाणी कोणत्या वेळी मागावं, कोणत्या देवळाच्या आवारात थांबावं, कोणत्या नाही. एकटी असाल तर दाराबाहेर मोठ्या मापाचे पुरुषी जोडे काढून ठेवा, हेही सुमनचंच. तेव्हापासून सिस्टरांच्या गाडीच्या पायरीवर साहेबांचे नऊ नंबरचे बूट असत. त्या ते पॉलिश करत.

डिसेंबरच्या अकरा तारखेला, बुधवारी, आरती नावाची बाई आपली छोटी व्हॅन घेऊन सिस्टरांच्या अंगणात मुक्कामाला आली. साताऱ्याकडची, वय अडतीस, बरोबर सात वर्षांची मुलगी मनू. दुसऱ्या दिवशी कारंज्याला गाडीचं किरकोळ काम करून ती इंझोरीला जाणार होती. तिथे सुमनचं माहेर, तिच्या आईच्या अंगणात मुक्काम. हे सुमननेच फोनवरून ठरवून दिलं होतं. म्हणजे आरतीचा रस्ता चौघींना माहीत : आरती, सिस्टर, अलका, सुमन.

आणि मला. रात्रीचं जेवण आमच्याकडे होतं. मी आरतीला रस्त्याचे आकडे काढून दिले. ती म्हणाली, "काका, तुम्ही तर वेळापत्रकच केलंत!" मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की हात धुऊन मी तेच वेळापत्रक त्या मोठ्या गटावर टाकलं. आमच्या गावी अशी अशी व्हॅन आली आहे, चालक भगिनी असून सोबत फक्त लहान कन्या आहे. उद्या सकाळी सातला प्रस्थान, कारंजा येथे दुरुस्ती, इंझोरी अकरा वाजता. खाली व्हॅनचा फोटो, नंबरसह. कौतुकाने टाकलं. तारीख, वेळ, ठिकाण, आकडा. एकही चूक नव्हती त्यात.

गुरुवारी मला सुट्टी होती. चार वाजून वीस मिनिटांनी मी भिंतीपाशी अलकाने वाळत घातलेल्या वड्या उचलत होतो. सिस्टरांचा फोन वाजला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला, ऐकू कमी येतं म्हणून.

"सिस्टर, एक पांढरी गाडी मागे आहे." आरतीचा आवाज हळू होता, मुलीला कळू नये असा. "कारंज्याला काम लांबलं. चहाला थांबले तर दोघं जण टेबलाशी आले. म्हणाले, मॅडम, सातला निघालात ना मंगरूळपीरहून? अकराला इंझोरी होतं तुमचं, उशीर झाला. मनूकडे बघून म्हणाले, एकच का सोबत?"

"आता कुठं आहे तू?"

"इंझोरीच्या रस्त्याला लागले. मी हळू केलं की ते हळू करतात."

"थांबू नको. काचा वर कर. पोरीले खाली बसव. पोलिसाले मी सांगतो. इंझोरीत डाव्या हाताले..."

फोन तुटला. पुन्हा लावला, लागला नाही. पोलिसांना लावला. त्यांनी गाडीचा नंबर, रस्ता विचारून घेतला आणि गाडी पाठवतो म्हणाले. मग सिस्टर माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिलेल्या अलकाकडे वळल्या. "त्याईले सातचा टाइम कसा माहीत? अकराचा कसा?" असं त्या अलकाला विचारत होत्या. अलकाचा चेहरा उतरला होता. माझ्या हातात वड्यांचं ताट होतं. मला त्याच क्षणी कळलं होतं.

मी बोललो नाही.

सिस्टरांनी सुमनला फोन लावला. ती तेव्हा दूर उसाच्या फडावर होती.

"सुमन, आरतीचा टाइम तू कोनाले सांगतला?"

"कोनाले नाई, सिस्टर. मायले सांगतला फक्त."

"तुमचा फोन कोनाकोनाच्या हातात असते?"

"दिवसा मालकाच्या हातात. सांजच्याले माह्या."

"अन् देराच्या?"

मग सुमन म्हणाली, "काय झालं थे तं सांगा."

"दोन मानसं लागले तिच्या मांगं. टाइम पाठ आहे त्याईले. माह्या तोंडून गेला नाई, अलकाच्या गेला नाई. मंग राह्यलं कोन?"

"आमी टेम्पोत राह्यतो म्हून?" सुमन म्हणाली. "म्हून आमीच का, सिस्टर?"

सिस्टरांनी फोन ठेवला. चार एकतीस झाले होते. मी घड्याळात पाहिलं होतं. अकरा मिनिटं. मग मी भिंतीवरून म्हणालो, "सिस्टर, मी लिहिलं. काल रात्री. मोठ्या गटावर."

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. "काढून टाका थे," म्हणाल्या. "अन् आता मंधात बोलू नका." अलका माझ्याकडे न पाहता भिंत ओलांडून तिकडे गेली. तिच्या वयाची बाई भिंत ओलांडताना मी पहिल्यांदा पाहिली.

मी ते काढून टाकलं. दोनशेच्या वर लोकांनी ते वाचलं होतं. काढल्याने ते त्यांच्या डोक्यातून निघणार नव्हतं.

सिस्टर ओसरीवर रजिस्टर मांडीवर घेऊन बसल्या आणि एकामागून एक फोन लावू लागल्या. नोकरीच्या काळातल्या आशाताई, अंगणवाडीच्या बाया, एका दाईची सून. प्रत्येकीला तीच तीन वाक्यं. आवाज चढला नाही. इंझोरीच्या आशाताईंचा फोन लागेना. पाच वाजले. सव्वापाच. सुमनला पुन्हा लावला, फोन सतत व्यस्त. "उचलनार नाई थे," सिस्टर म्हणाल्या. "काहून उचलन?" उन्हं भिंतीवरून खाली उतरली. यादीत आरतीच्या नावापुढचा चौकोन कोरा होता आणि त्या त्यावरून पेन्सिलीचं टोक फिरवत होत्या, खूण न करता.

पाच वाजून बावन्न मिनिटांनी अलकाचा फोन वाजला. गटावर सुमनचा आवाज आला होता. अलकाने तो लावला. बाहेरच्या माणसाने गटातलं ऐकू नये असा नियम असला तरी त्या वेळी मला कोणी हाकललं नाही.

"आरतीबाई माह्या मायच्या घरी पोचली. पोरगी बी बरी आहे. मी निघाली गटातून."

बस, एवढंच. आणि ती गेली.

नंतर कळलं ते असं. सिस्टरांनी तिच्यावर आळ घेऊन फोन ठेवला, तेव्हा सुमनने फोन नवऱ्याला परत दिलाच नाही. तिने आईला लावला. म्हणून तो व्यस्त होता. कापूस वेचणीच्या बाया त्या वेळी घराकडे परतत होत्या. सुमनच्या आईने त्यांना गावाच्या तोंडाशी रस्त्यावरच थांबवलं. वीस-बावीस बाया डोक्यावरची कापसाची गाठोडी रस्त्यात टाकून उभ्या राहिल्या. व्हॅन आली तशी त्यांनी ती वाट करून आत घेतली आणि मागे परत उभ्या राहिल्या. पांढरी गाडी आली. सुमनची आई काचेपाशी गेली आणि म्हणाली, "कोनाचे पाव्हने व्हय? नाव सांगा, मंग गाठोडं उचलतो." गाडी मागच्या मागे वळली. पोलीस आले तेव्हा बायांनी नंबर सांगितला. तो त्यांनी कुठे लिहून ठेवला नव्हता; त्यांच्यापैकी सहा जणींना तोंडपाठ होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते चारशे साठ रुपये पाटावर ठेवले. सुरुवातीला सांगितलं ते हे. सिस्टर म्हणाल्या ते पुरं सांगायचं राहिलं होतं : "आरतीले मी पाहून घेतो. ज्या बाईवर मी खोटा आळ घेतला, तिले द्या. अन् हातात द्या. फोनवरून नाई." मी म्हटलं, आळ तुम्ही घेतलात, पण माझ्या गप्प राहण्यामुळे घेतलात. त्या म्हणाल्या, "अकरा मिनिटं तुमची. बाकीचं माहं. मले पहिले तिचंच नाव काहून सुचलं? गरिबाचं लेकरू रडलं का आपन म्हनतो उपाशी असन, अन् श्रीमंताचं रडलं का म्हनतो दात येत असन. एकतीस वर्ष मी दुसऱ्याईले हेच समजावत फिरली."

सुमन हंगाम संपवून परत येईपर्यंत थांबावं लागलं. तिने फोन घेतला नाही, एकदाही. सिस्टर लावत होत्या, हे मला भिंतीवरून माहीत होतं. यादी रोज लिहीत होत्या. माणूस कमी बोलू लागला की त्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. सुपाचा, पेन्सिल तासण्याचा, काट्याच्या आकड्याचा.

२९ मार्चला, शनिवारी, आम्ही तिघं सिस्टरांच्या गाडीतून जऊळक्याला गेलो. सुमन सध्या तिथे नाही म्हणून गावाचं नाव लिहितो. ती टेम्पो धूत होती. बसा म्हणाली नाही. शेजारपाजारच्या बाया दारात आल्या. सिस्टरांनी त्यांना आत जा म्हटलं नाही. उलट आवाज मोठा केला.

"सुमन, मी तुह्यावर खोटा आळ घेतला. एका फोनवर तीन मानसं म्हून समजली का चोर तिथंच. चोर माह्या भिंतीपलीकडं होता. हा पाह्य, आनला."

मी पुढे झालो. पैसे दिले. सुमनने ओले हात पदराला पुसले आणि नोटा मोजल्या.

"चारशे साठ. हे कायचे, भाऊ?"

"पाच लिटरचे. त्या दिवशीच्या भावाने."

"आजच्या भावानं कमी-जास्त होते का?"

"काढून सांगू का?"

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि तिच्या मागे उभी असलेली एक म्हातारी फसकन हसली. सुमन हसली नाही. पैसे मात्र तिने कमरेला खोचले. "दंड घेतला. पन गटात नाई येत मी. फोन अजूनबी तिघात एकच आहे. उद्या काई झालं का पुन्हा बोट माह्याकडंच."

सिस्टरांनी पिशवीतून साहेबांचा फोन काढला. त्याच फोनवर त्या इतकी वर्षं डी. के. सर होत्या. आतलं साहेबांचं कार्ड त्यांनी काढून ठेवलं होतं. "हा तुहा एकटीचा. कार्ड तुह्या नावावर तूच काढ. मी काढलं तर थे बी माहंच होईन." मग रजिस्टर काढलं. "अन् हे बी तुह्या जवळ. आजपासून यादी तू कराची. मी बी यादीत. सातच्या आत माही चूल पेटली नाई, तर फोन लाव अन् वाट्टेल ते बोल."

"मले कायले? अलकाताईले द्या. शिकलेली आहे."

"शिकलेली मी बी होती," सिस्टर म्हणाल्या. "त्या दिवशी यादी माह्यापाशी होती अन् आरतीले तू आनलं."

सुमनने रजिस्टर उघडलं. बारा डिसेंबरपासूनची पानं उलटत गेली. प्रत्येक पानावर तिचं नाव होतं आणि पुढे कोरा चौकोन. ती गेल्यानंतरही सिस्टरांनी एकाही दिवशी तिला यादीतून वगळलं नव्हतं. मी मनात मोजत होतो. एकशे सात. ते आपण भरून टाकावेत का, असं सिस्टरांनी हळूच विचारलं.

"नाई," सुमन म्हणाली. "थे राहू द्या कोरेच." आणि पेन्सिल मागितली. नव्या पानावर, अक्षर जपत, तिने पहिलं नाव लिहिलं : प्रमिला सिस्टर.

सिस्टर तिथूनच पुढे निघाल्या. आम्ही दोघं एसटीने परतणार होतो. त्यांनी चाकांना उलथण्याने एकेकदा ठोकून पाहिलं, साहेबांचे बूट पायरीवरून उचलून आत ठेवले आणि आमच्या घराची दुसरी किल्ली जशी त्यांच्याकडे असते तशी आपल्या घराची अलकाच्या हातात दिली. गाडी वळवताना मागच्या काचेतून काटा लोंबताना दिसला. त्याच्या झोळीत काहीतरी होतं. काय होतं, किती वजनाचं, ते मला दिसलं नाही. रेल्वेच्या फाटकापाशी त्यांनी हात बाहेर काढला, नर्स पुढच्या बाईला आत बोलावताना करते तसा, बोटं एकदाच हलवून. मग फाटकापलीकडच्या वळणाला गेल्या.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी, घरी, अलकाचा फोन वाजला. ती वाचून म्हणाली, "पेटली."

मी कुठे म्हणून विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

दिनांक २९ मार्च. दिलेली रक्कम चारशे साठ रुपये, सुमन हिला, रोख, हातात, तिने मोजून घेतले. सिस्टरांकडून तिलाच एक फोन आणि एक रजिस्टर. सिस्टर त्या दिवशी कुठे पोचल्या, तो रकाना मी कोरा ठेवला.